नागपूर बाहेरचं कधी झालं?

मंडळी, सकाळपासून माझं डोकं चालून नाही राहिलं.

इकडे छत्तीसगडात, कॅम्प-१ वस्तीत आमचं लोखंडी रॅक बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. परवा मामेभावाच्या नागपूरच्या दुकानात चार रॅक पाठवले. बिलावर नेहमीसारखा सीजीएसटी नऊ टक्के, एसजीएसटी नऊ टक्के लिहिला.

आज त्याचा फोन आला. "दादा, बिल चुकलं तुझं. आयजीएसटी लाव, अठरा टक्के."

"कावून? नऊ अन् नऊ अठराच होते ना बे!"

"होते. पण तू अर्धा टॅक्स छत्तीसगडले दिला, अन् माल आला महाराष्ट्रात. माल राज्याबाहेर गेला की आयजीएसटीच लागते."

राज्याबाहेर? मी तर नागपूर म्हणजे घरचंच समजून बिल बनवलं होतं! आमच्या वकिलाले विचारलं, तर तेही म्हणे, मामेभावाचं बरोबर आहे. जुनं बिल रद्द केलं, नवीन बनवलं.

आई बाजूलेच मटर सोलत बसली होती. सगळं ऐकून म्हणे, "म्हणजे माझं माहेर बाहेरचं झालं का रे?"

टॅक्सचं मले समजलं. आईले काय सांगू, तुमीच सांगा.