दुसऱ्या बरणीतल्या माश्या

सांगलीच्या कॉलेजात शिकत असताना प्राणिशास्त्राच्या सरांनी मला मटणावर बसणाऱ्या निळ्या माशीच्या अळ्या सांभाळायला दिल्या होत्या. बरण्या दोन होत्या आणि खाणं एकच, शेळीचं काळीज. श्रावण लागला आणि खाटकानं दुकान बंद ठेवलं. त्याच्यावर चडफडत उरलेलं काळीज मी पहिल्या बरणीत टाकलं. निदान एक बरणी तरी जगावी. दुसरीतल्या अळ्या दोन दिवस उपाशी काचेवर चढत राहिल्या. त्या मेल्या तर सरांना काय सांगायचं, ही काळजी मला लागून राहिली.

त्या मेल्या नाहीत. पहिलीतल्या अळ्यांच्या आधीच त्यांनी कोश केले, आणि त्यातून माश्या निघाल्या त्या निम्म्याच आकाराच्या. मी सगळं कबूल केलं आणि म्हणालो, "सर, आता यांना भरपूर दूध-साखर घालतो, भरून येतील."

सर रागावले नाहीत. चिमट्यात धरलेल्या माशीला मोजपट्टी लावत म्हणाले, "अरे, खायचं ते अळीनं. माशी झाल्यावर कितीही खाल्लं तरी ती वाढत नाही."

मी मान हलवली. माझं लहानपण म्हसवडकडच्या दुष्काळात हुलग्याच्या पातळ माडग्यावर गेलं होतं. आदल्या वर्षी साताऱ्याच्या सैन्यभरतीत मी उंचीला एक इंच कमी भरलो होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा उभं राहायचं म्हणून खानावळीत रोज तांब्याभर दूध पीत होतो.

त्या संध्याकाळीही प्यायलो.