विहिरीवरचं रेकॉर्डिंग

घरात कुणी दृष्ट काढायला बसलं की मी हसून उठून जाणारी बाई. अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण जे झालं ते असं झालं.

मी नांदेडला एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे. फावल्या वेळात फोनवर ऑडिओ निबंध रेकॉर्ड करते – पाच-सात मिनिटं बोलायचं आणि मागे त्याच जागेचे खरे आवाज ठेवायचे. बाजार, एसटी स्टँड, नदीचा घाट असं बरंच करून झालं होतं. गेल्या फेब्रुवारीत विहिरीवर निबंध करायचा ठरवला आणि मुखेडजवळच्या गावी धाकट्या मावशीकडे गेले.

जेवून आम्ही दोघीच शेतात गेलो. भर दुपार. तूर काढून झालेली, पार रस्त्यापर्यंत मोकळं रान... कुठं माणूस नाही. मावशी विहिरीच्या दगडी कठड्यावर बसली. मध्येच कॉल नको म्हणून मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मी विचारत होते, ती पोहायला कशी शिकली ते सांगत होती. मागे पारवे घुमत होते, मोटारीचं पाणी हौदात पडत होतं. अगदी मनासारखं.

मागचे आवाज नीट आलेत का बघावं म्हणून मावशीला कठड्यावरच ठेवून मी लिंबाखाली सावलीत आले आणि स्पीकरवर रेकॉर्डिंग लावलं.

पारवे, पाणी, मावशी... आणि मावशीच्या वाक्याच्या मधोमध आणखी एक बाई बोलली. अगदी फोनजवळून, दटावल्यासारखी.

"चिंगे, ऊठ तिथून."

मी फोनकडे बघतच राहिले. मावशी मात्र हाकेसरशी उठली. "अक्का? तू कवा आलीस गं?" म्हणत माझ्याकडे चालत आली. तेवढ्यात तिच्या मागे खडखड झाली. ती बसली होती तो कठडा दगडांसकट विहिरीत गेला.

मावशी लिंबामागे बघून आली. म्हणाली, "अक्का कुठं हाय?"

अक्का म्हणजे माझी थोरली मावशी. ती असते देगलूरला. धाकटीला 'चिंगी' म्हणणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

माझ्या मनात नको ते आलं. मावशीच्याही आलं असणार. मी एअरप्लेन मोड काढून देगलूरला फोन लावला. थोरलीनंच उचलला, पण आवाज चिरकलेला.

"बोल गं... जेवून जरा पडले व्हते. उठले तर घसाच बसलाय. सकाळी चांगला व्हता की."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी देगलूरला गेलो. थोरलीनं फोन कानाला लावून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"आवाज माझाच हाय," ती म्हणाली. मग धाकटीकडे बघत, हळूच – "पन मी म्हनले कवा?"

धाकटीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

नंतर साउंडचं काम करणाऱ्या एका मित्राला मी ती फाईल दिली, फार काही न सांगता. त्यानं हेडफोन लावून सगळी ऐकली. कुठं जोड नाही म्हणाला, सगळं एकाच जागेचं आहे.

"तुम्ही तिघी जणी होतात ना तिथं?" त्यानं विचारलं.

मी हो म्हणाले. दुसरं काय सांगायचं, ते मला अजूनही कळलेलं नाही.