प्रसादाचा पेला

दकसू गावच्या बसचा ड्रायव्हर होता. उइसंगच्या बाजारातून डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंत त्याची बस जायची. त्याच्या बसायच्या जागेवर बायकोने, सुन्येने, जुन्या रजईची गादी शिवून दिली होती. कोणत्या आजीच्या पिशवीत लसूण आणि कोणत्या आजीच्या मांडीवर कोंबडी, हे तो न बघता सांगायचा. कुणी हात दाखवला की थांबायचा. नाही म्हणणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि सुन्येला त्याचीच भीती होती.

बस कंपनीचा नियम साधा होता. सकाळी गाडीला हात लावण्याआधी नळीत फुंकायचं. यंत्राला दारू लागली तर गाडी नाही. गेल्या वर्षी, त्याच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, ती एकदा लागली होती. पुन्हा लागली तर नोकरीच संपणार होती.

त्यात कार्तिकातली पूर्वजांची पूजा आली. सगळं कूळ डोंगरावर थडग्यांपाशी जमलं. सुन्येने पहाटेपासून तळलेलं सगळं पानांवर मांडलं आणि सगळ्यांबरोबर मनापासून डोकं टेकवलं. पूजा झाली की पूर्वजांना दाखवलेली दारू घरच्यांनी प्यायची, तो प्रसाद. चुलतभावांत थोरले ग्यूहान दादा. ते स्वतः पेला भरू लागले.

"दादा, उद्या पहिली बस माझी आहे," दकसू म्हणाला.

"अरे, मी कुठे गुत्त्यात बसवलंय तुला? पणजोबांचा पेला आहे. त्यांना नाही म्हणणार?"

"एकच मग."

"एक पणजोबांचा. आणि पणजीचा? ती काय उपाशी राहील?"

सगळे हसले. थोरल्यांसमोर प्यायचं तर तोंड वळवून प्यायची रीत. दकसूने दोन्ही हातांनी पेला धरला आणि मान फिरवली ती नेमकी सुन्येकडे. तिने डोळ्यांनी खुणावलं, गवतात ओता. कुणाला दिसलं नसतं. पण त्याने डोळे मिटले आणि पिऊन टाकलं. मग आजोबांचा, चुलत आजोबांचा, त्या थडग्यांत जो जो झोपला होता त्याचा त्याचा.

दुपार कलताना तो मोठ्याने हसू लागला, मग रडू लागला, मग तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलू लागला. जीभ जड झाली. उतारावर पाय एकीकडे आणि तो दुसरीकडे. जर्दाळूच्या झाडाखाली भडभडून ओकला. सुन्येने त्याचे बूट हातात घेतले आणि त्याला खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. मागून दादांचा आवाज आला, "वहिनी, पुतण्यांपेक्षा कच्चा निघाला गं तुझा नवरा!"

पहाटे तो उठला तो घागरभर पाणी पीतच. डोकं धरून बसला.

"अहो, आज जाऊ नका. ताप आलाय म्हणून फोन करते."

"खोटं नको. झोपलो की मी रात्रभर. उतरली असेल."

"झोपेने उतरत नसते ती."

"तुझ्या सूपाने उतरते."

मोड आलेल्या सोयाबीनचं गरम सूप त्याने वाडगं तोंडाला लावून संपवलं. तोंड धुतलं, दात घासले, परत घासले. देवाला हात जोडावेत तसा त्याने डेपोकडे जाताना टोपीला हात लावला.

तो परत आला तेव्हा काखेत रजईची गादी होती.

सुन्येने ती त्याच्याकडून घेतली. तेवढ्यात फोन वाजला. ग्यूहान दादा.

"वहिनी, बस कुठे आहे? थंडीत उभा आहे मी! गुडघ्याचं इंजेक्शन आहे आज."

"भाऊजी, तुमच्या पणजोबांनी थांबवली."

"म्हणजे?"

"यंत्राला कालची दारू लागली. सुटली नोकरी."

मग दादा म्हणाले, "एवढ्याशा प्रसादाने? भलतंच नाजूक यंत्र. बरं, मग दुसरी बस कितीला आहे?"

सुन्येच्या ओठांवर शिव्या आल्या होत्या. पण दकसूने तिच्या हातातून फोन घेतला, उभा राहिला आणि भिंतीकडे बघून वाकला.

"दादा, चुकलं माझं. तुम्हाला थंडीत उभं राहावं लागलं."