माणसाला हू, बैलाला व्हिच

किस्से काही कोणी जमवायला जात नाही. ते आपोआप साठत जातात, आणि एक सांगायला घेतला की बाकीचे आपले नंबर लावून उभे राहतात. त्यातून तीन मराठी पोरं एका ओट्यावर बसून इंग्रजी लिहीत असतील, तर मग बघायलाच नको!

आमचा ओटा कर्जतच्या तात्यामास्तरांचा. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून मास्तर रिटायर झाले होते, पण हातातली लाल पेन्सिल काही रिटायर झाली नव्हती. आम्ही तिघं पुण्याच्या कॉलेजात इंटरला. सुट्टी लागली की त्यांच्याकडे कॉम्पोझिशन लिहायला जायचो. मी, कापडदुकानदाराचा बंडू, आणि खालापूरकडच्या एका खेड्यातला बबन.

बबन बाकी सगळ्या विषयांत पक्का, पण इंग्रजीत आपटल्यामुळे मागे राहून आमच्यात आलेला. बापाने त्याला बजावलं होतं, "आनखी एकडाव बस. नाय जमलं तर पुणं बंद, औत धर!" त्यामुळे आमची दोघांची मौज चालायची, पण त्याचं पुढचं सगळं शिक्षण त्या एका पेपरावर लटकलेलं होतं.

* * *

बंडू मनातलं मराठी वाक्य उचलून जसंच्या तसं इंग्रजीत ठेवायचा. एकदा दोन दिवस दांडी मारून आला. मास्तरांनी कारण लेखी मागितलं. बंडूने झोकात लिहिलं, "येस्टरडे फीवर केम टू मी."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "ताप तुझ्याकडे आला? मग बसायला पाट तरी दिलास का त्याला?"

आतून काकूंचा आवाज आला, "आलाच असेल तर जेवूनच जा म्हणावं!"

* * *

आता माझं सांगतो, नाहीतर बंडू म्हणेल, स्वतःचं तेवढं झाकलं.

मला मे महिन्यात माथेरानच्या एका हॉटेलात कारकुनी करायची हुक्की आली. मास्तरांना न दाखवता अर्ज ठोकला. सुरुवात "आय बेग टू स्टेट". पुढच्या परिच्छेदात "आय बेग टू अ‍ॅड". शेवटी "आय बेग टू रिमेन". लिहून झाल्यावर मलाच माझा अभिमान वाटला.

हॉटेलचा मॅनेजर गोरा साहेब होता. त्याचं उत्तर आलं, त्याचा मराठीत अर्थ असा: "हॉटेलच्या आवारात भीक मागायला सक्त मनाई आहे. कारकुनी करायची असेल तर सोमवारी या."

मी तोंड लपवत ते मास्तरांना दाखवलं. मास्तर खूश! "बघा रे, याला म्हणतात लिहिणं! दोन वाक्यांत कामही झालं आणि अपमानही झाला!" ती दोन वाक्यं त्यांनी आम्हा तिघांकडून पाठ करून घेतली.

* * *

बबनचा आजार वेगळाच. त्याचं वाक्य सुरू झालं की थांबायचंच नाही. 'माझे गाव' लिहायला दिलं, तर पान संपलं तरी पहिलंच वाक्य चालू! गाव, व्हिच नदीकाठी आहे, नदी, व्हिच डोंगरातून येते, डोंगर, व्हिच... आणि असं करत करत "माय अंकल, व्हिच लिव्ह्ज निअर द टेम्पल."

मास्तरांनी समासात लाल पेन्सिलीने एक इंजिन काढलं. पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, ते. "बबन, तुझं वाक्य घाटात अडकलंय. मागून लावू का हे? फुलस्टॉप म्हणजे स्टेशन, तिथे थांबायचं असतं!"

"मास्तर, आमच्याकडं गोष्ट सांगताना मदी थांबलं, की ऐकनारा उठून जातो."

"बरं, आणि काकाला व्हिच? माणसाला हू, बैलाला व्हिच! तुझा काका काय बैल आहे?"

बबनने खरोखर विचार केला. म्हणाला, "एकाच शेतात राबतात मास्तर. आमी काय फरक करत नाय."

मास्तरांनी त्या दिवशी वर्ग लवकर सोडला.

* * *

पण पोरगा जिद्दीचा. पुढच्या सुट्टीत आला तो व्हिच सोडून आणि फुलस्टॉप धरून. "माय फादर. हॅज. टू बुलक्स."

मास्तर म्हणाले, "अरे, आता काय रुळावर म्हैस आली?"

तरी मास्तर मनातून हरखले होते. रोज दुपारी ते त्याला एकट्याला बसवून घ्यायचे. परीक्षा जवळ आली, तसं आम्हीही चिडवायचं थांबवलं.

* * *

एक दिवस बबनचे वडील, धोंडूबाबा, चालत चालत ओट्यावर आले. पायात काही नाही, खांद्यावर घोंगडी. म्हणाले, "मास्तर, प्वार कितपत आलाय ते बगाया आलो. माज्यावर काय लिवलंय का यानं?"

लिहिलेलं होतं. बबन ताठ उभा राहिला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "माय फादर इज अ फार्मर." फुलस्टॉप. एक चूक नाही! मास्तरांनी टाळी वाजवली आणि अर्थ सांगितला.

धोंडूबाबा वाट बघत राहिले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "येवढंच?"

ते गेल्यावर बबन बराच वेळ पेन नुसतंच बोटात फिरवत बसला होता.

* * *

बबन पास झाला! पेपरात नंबर बघून काकूंनी लाडूच वळायला घेतले.

जूनमध्ये आम्ही पुण्याला निघालो. मास्तर स्टेशनवर आले, धोंडूबाबाही आले. मागे इंजिन लागलं, डब्याला धक्का बसला. धोंडूबाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "बबन, आता पास झालास न्हवं? जाता जाता बोल की रं इंग्रजीत माज्यावर."

बबनने एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"माय फादर, व्हिच इज अ फार्मर..."

"हू!" मास्तर ओरडले.

गाडी हलली. "...व्हिच वेअर्स नो शूज, व्हिच बॉट शूज फॉर मी, व्हिच गेव्ह मी हिज ओन ब्लँकेट, व्हिच..."

"हू! अरे माणूस आहे तो, हू!" मास्तर धोतर सावरत गाडीबरोबर पळायला लागले. "आणि फुलस्टॉप! बबन, फुलस्टॉप!"

धोंडूबाबांनी मागून त्यांचा कोट धरला. "ऱ्हाऊ द्या मास्तर. बोलू द्या त्याला."

प्लॅटफॉर्म संपला तरी बबन ओरडतच होता. धोंडूबाबा कानाला हात लावून उभे होते. शब्द एक कळत नव्हता, पण तोंडभर हसत होते. पुढचं मास्तरांनीच आम्हाला सांगितलं. आवाज पार ऐकू येईनासा झाल्यावर म्हातारा त्यांना म्हणाला,

"मला वाटलंच हुतं मास्तर, येवढंच नसंल!"