पाहिलं तेवढंच

पेणच्या कोर्टात मोकलकाका साक्षी टाइप करायचे. व्हरांड्यात कोणी म्हणालं, "साक्ष द्यायला आलोय," की मान वर न करता विचारायचे, "डोळ्यांनी पाह्यलंत ना? ऐकलेलं असेल तर चहा पिताना सांगा."

मी तेव्हा नवी वकील होते. जबाब काय नि साक्ष काय, मला सारखंच. एकदा त्यांनी माझा अर्ज परत केला. "मॅडम, पोलिसांपुढं देतात तो जबाब. कोर्टात शपथेवर देतात ती साक्ष. त्या शब्दातच 'अक्ष' हाय. अक्ष म्हणजे डोळा."

काकांची धाकटी बहीण पारू जवळच्या जिते गावात राहायची. तिच्या नवऱ्याला रामवाडीच्या नाक्यावर टेम्पोने उडवलं. तो जागीच गेला. काका तिथेच टपरीवर उभे होते. टेम्पोचा मालक पिऊन गाडी हाकतो, हे सगळ्यांना ठाऊक. तो मात्र म्हणत होता, चालवणारा ड्रायव्हर पळाला. काका एकटेच साक्षीदार. तारखेच्या आदल्या दिवशी पारू कोर्टाच्या आवारात माझ्यादेखत त्यांना म्हणाली, "दादा, तोच चालवत व्हता, एवढंच बोल. दुसरं काय मागत नाय."

दुसऱ्या दिवशी काका पिंजऱ्यात उभे राहिले. "आवाज ऐकून मी वळलो. हा इसम टेम्पोजवळ उभा होता. चालवताना मी त्याला पाहिलेलं नाही."

मालक सुटला.

"तुम्हाला खात्री नव्हती का?" मी चिडून विचारलं.

"व्हती. आजपण हाय. पण खात्रीला साक्ष म्हणत नाय, मॅडम." त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पारूने बोलणं टाकलं. काका तरीही दर रविवारी जित्याला जात, तिच्या ओटीवर तासभर बसून परत येत. ती पाण्याचा तांब्या ठेवी आणि आत निघून जाई. कितीतरी वर्षं हे असंच चाललं.

निवृत्तीनंतर काका रोह्याला मुलाकडे राहायला गेले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर उशाशी पारू बसलेली. न बोलावता आली होती, आठवडाभर हलली नव्हती. वाटीतली पेज ती त्यांना भरवत होती.

काकांनी क्षीण आवाजात विचारलं, "राग गेला काय गो?"

"नाय," पारू म्हणाली. "आ कर."