पायांनी ऐकणारा

अकोल्याच्या आमच्या प्राथमिक शाळेत सुटीची घंटा झाली की मुलींना लेझीम शिकवायला कापसाच्या जिनातला, म्हणजे जिनिंग कारखान्यातला, एक माणूस यायचा. दिवसभर सरकी काढणाऱ्या यंत्रापाशी राबून आलेला, भुवयांत कापूस अडकलेला. त्याचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही, नुसतं भाऊ म्हणायचो.

मैदानात आला की तो आधी वहाणा काढायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. माझा पाय नेहमी उशिरा पडायचा. ते झाकायला मी लेझीम जोरजोरात खुळखुळवायची. गुरुजी फसायचे. हा मात्र एकदा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "मांगच्या रांगेत एकीचा पाय चुकून राहिला."

मी फणकाऱ्याने त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, तसे त्याने डोळे उघडले. "भाऊ, माझी लेझीम तर सगळ्यांत जोरात वाजते!"

माझे ओठ नीट बघून तो हसला. "मले कुठी आयकू येते, माय? जिनाच्या खडखडाटानं कान नेले माहे. तुमचे पाय मले जमिनीतून समजते."

त्या दिवसापासून मी पाय नीट टाकायला शिकले.

स्नेहसंमेलनात आमची लेझीम लाकडी मंचावर होती. गुरुजींनी त्याला मानाने खाली पहिल्या रांगेत खुर्ची दिली. तो बसला नाही. मंचाला अगदी लागून उभा राहिला आणि फळीवर तळहात टेकवून त्याने डोळे मिटले.

लेझीम संपली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याने नाही. त्याला फळीवरून हात उचलवत नव्हता.