राघो शिपायाचे घर शोधणारे पेठकर काका

श्री. अच्युतराव पेठकर यांची आणि माझी पहिली ओळख बटाटे सोलताना झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण काकांना खरे तेच आवडते, तेव्हा नाइलाज आहे. कॉम्प्युटरला जुने हस्ताक्षर वाचायला शिकवायचे, या विषयावरच्या पीएच.डी.साठी मी नुकतीच जर्मनीत कार्ल्सरूहेला आले होते आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भाजीच्या कामाला बसले होते. शेजारचे गृहस्थ कागदासारखी पातळ साल काढत म्हणाले, "तुमचा कॉम्प्युटर जुनं जर्मन हस्ताक्षर वाचतो म्हणे?" मी ऐटीत हो म्हटले. "मग मोडी वाचतो का?"

वाचत नव्हता. काका म्हणाले, "हरकत नाही. मग आपण शिकू." त्या 'आपण'मध्ये मी कशी सापडले ते आजतागायत मला कळलेले नाही.

या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना पेठकर काका झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातले इंजिनिअर म्हणूनच ठाऊक असतील. मोटारीच्या दाराच्या बिजागरीवर त्यांनी उभी हयात घालवली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो. काय बदलले, का बदलले, कोणी बदलले, हे त्यात अ, ब, क अशा अक्षरांनी नोंदवायचे. जुनी रेघ गुपचूप खोडायची नाही. ही शिस्त काकांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. सुमतीकाकूंच्या लोणच्याच्या कृतीलासुद्धा त्यांनी असा तक्ता जोडला आहे. काकू त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, हा भाग वेगळा.

इतिहासाच्या नादाला ते अपघातानेच लागले. कारखान्यातल्या एका जर्मन सहकाऱ्याचे पणजोबा खलाशी होते आणि मॉरिशसच्या बंदरात तापाने वारले होते. बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. सहकाऱ्याला सोबत म्हणून काका जर्मनीतल्याच एका सरकारी दफ्तरखान्यात गेले. तिथे त्या बेटावरच्या जर्मन वकिलातीची एक वही निघाली. वकिलात म्हटल्यावर झेंडा आणि मोठे फाटक डोळ्यांपुढे येते. ही वकिलात म्हणजे बंदरावरच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीतली दोन टेबले होती. जहाजांचे कागद तपासायचे, आणि परमुलखात मेलेल्या खलाशाचे सामान यादी करून त्याच्या घरी पाठवायचे, हे तिचे काम. पणजोबांच्या यादीत दोन सदरे, एक पाइप आणि लाकडाची अर्धवट कोरलेली होडी होती. सहकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. काकांची नजर मात्र यादीच्या तळाशी खिळली होती. सामान ताब्यात घेणाऱ्याची सही मोडीत होती.

काका पुढे मोडी शिकले, मलाही शिकवली, आणि सही लागली: राघो सखाराम, शिपाई. पहिले महायुद्ध लागून वकिलात बंद होईपर्यंत वहीतल्या बहुतेक याद्यांखाली हेच नाव होते. कॉन्सुल बदलत गेले, शिपाई तोच राहिला. त्या दोन टेबलांचा इतिहास लिहायचा, असे काकांनी तेव्हाच ठरवले.

याच काळात मला घर मिळत नव्हते आणि घर नाही म्हणून आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सक्तीची नोंद, होत नव्हते. सरकारदरबारी माझा पत्ताच नव्हता. काकांनी मला आपल्या घरी ठेवून घेतले आणि आम्टमध्ये, म्हणजे नोंदणीच्या कचेरीत, स्वतः बरोबर आले. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारले, ही तुमची कोण? काका म्हणाले, "माझी सहकारी." मी तेव्हा त्यांच्याकडून मोडीतला 'अ' काढायला शिकत होते. आठ आठवडे मी त्यांच्या नातीच्या खोलीत राहिले. मी मराठीत बोलायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि काकू दोघींना एकाच दमात रागवायच्या.

आता त्या प्रसंगाकडे येते. तो लिहू का, असे मी काकांना विचारले होते. "तोच लिही, बाकीचं कोणीही लिहील," असे ते म्हणाले.

काकांनी पत्रे पाठवून पाठवून मॉरिशसमधल्या सावित्रीआजींना शोधून काढले होते. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष सखाराम. तो रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेला. त्याचा मुलगा राघो, आणि राघोची नात म्हणजे सावित्रीआजी. आपल्याकडे नावापुढे बापाचे नाव येते, तेव्हा राघो सखाराम म्हणजे सखारामाचा राघो. सगळे चपखल बसले. आपले आजोबा नुसते मळ्यावर नव्हते, वकिलातीतही होते, हे ऐकून आजींनी वहीच्या पानाचा फोटो दिवाणखान्यात लावला आणि गावभर सांगितले. पुस्तक पंधरा दिवसांत छापायला जायचे होते.

त्याच सुमारास बेटावरच्या विवाहनोंदींची छायाचित्रे माझ्या हाती आली. एका नोंदीत राघो सखाराम, धंदा वकिलातीत शिपाई, असे स्वच्छ लिहिले होते. वडिलांचे नाव मात्र धोंडू होते. मग उलगडा झाला. जहाजातून उतरलेल्या माणसाचे नाव तिथल्या कारकुनांनी साऱ्या घराचे आडनाव करून टाकले होते. मुलगा सखाराम, नातू सखाराम, सगळेच सखाराम. शिपाई राघो दुसऱ्याच एका सखारामाचा नातू होता. सावित्रीआजींचे आजोबा जन्मभर ऊसच तोडत होते. ही चूक जर्मन माणसाने केली नसती आणि बेटावरच्या माणसानेही नाही. ती आपणच करणार.

तीन दिवस मी तो कागद पिशवीत घेऊन फिरले. ज्यांनी मला घर दिले, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे? शेवटी झिंडेलफिंगेनला गेले. चहा झाला, चिवडा झाला, तरी कागद पिशवीतच. काकू म्हणाल्या, "अहो, हिचं काहीतरी बिनसलंय." मी कागद पुढे केला.

काकांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"गेनाऊ," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे तुझं. किती दिवस होता हा तुझ्याकडे?"

"तीन."

"पुढच्या वेळी तीन तास." एवढेच काय ते रागावणे. मग त्यांनी फोन उचलला.

काकू म्हणाल्या, "अहो, उद्या करा. म्हाताऱ्या बाईला एकदम कसं सांगणार?"

"उद्यापर्यंत त्या आणखी चार जणांना सांगतील. दार निखळतंय हे कळल्यावर गाडी चालू द्यायची नसते."

त्यांनी सावित्रीआजींना आडपडदा न ठेवता सांगितले. चूक माझी आहे, तुमची नाही, हे दोनदा सांगितले. मग पलीकडून आजींचा त्यांच्या बेटावरच्या मराठीतला आवाज आला.

"मग त्या राघोच्या घरच्यांना ठावं हाय का?"

जो माणूस जन्मभर परक्यांच्या वस्तू त्यांच्या घरी पोचवत राहिला, त्याच्या घरी कोणीच काही पोचवले नव्हते. "नाही," काका म्हणाले. "अजून नाही."

काकांनी पुस्तक थांबवले. प्रकरण पुन्हा लिहिले आणि त्याच्या शेवटी तक्ता जोडला: आधी काय लिहिले होते, का चुकले, आणि शोधणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव. मला संकोच वाटला. ते म्हणाले, "तक्त्यात उपकार नसतात. कोणी केलं तेवढंच असतं." तिकडे सावित्रीआजी या वयात बसने गावोगाव फिरल्या. चार महिन्यांनी बेटाच्या दुसऱ्या टोकाला शिपाई राघोचा पणतू सापडला. तो शाळेत शिक्षक आहे. भिंतीवरचा फोटो काढून आजींनी स्वतः त्याच्या हातात दिला. रिकाम्या जागी त्यांनी आपल्या आजोबांचा ऊसतोडीचा कोयता टांगला आहे. आता आल्यागेल्याला त्याचीच गोष्ट सांगतात.

मी आता ड्रेस्डेनला नोकरी करते. माझ्या टेबलावर चुकीचा कागद आला, तर तो तीन तासांच्या वर माझ्याकडे राहत नाही. काकांकडून मी सर्वात जास्त काय घेतले असेल तर हे.

काकांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळ्यांचे नवे भिंग मानवो, आणि सुमतीकाकूंचा धाक असाच राहो. ही मागणी निव्वळ प्रेमापोटी नाही, त्यात थोडा स्वार्थही आहे. वहीतल्या काही याद्यांसमोर 'पत्ता लागला नाही, सामान ठेवले' असा शेरा आहे, आणि त्याखाली राघोची सही. गेल्या महिन्यात काकांनी त्यातल्या पहिल्या खलाशाचे गाव शोधून काढले. परवा त्यांचा फोन आला होता. "आल्झो, तर मग, रविवारी मोकळी आहेस का? एका घरी जाऊन सांगायचं आहे."

काका, मी येते आहे. यादी लांब आहे, तेव्हा तुम्हीही बरीच वर्षे मोकळे राहा.